राखेचं सिमेंट, मे महिन्याचं ऊन आणि तराईचे चौदा दिवस

आमच्याकडे विदर्भात घर बांधायला निघतं ते कापूस-तूर विकून हाती पैसा आल्यावर. पाया फेब्रुवारीत, कॉलम मार्चमध्ये आणि स्लॅब अक्षय तृतीयेच्या मागंपुढं. म्हणजे वर्षातले सगळ्यात तापलेले, सगळ्यात कोरडे आणि विहिरीनं तळ दाखवलेले दिवस आपण काँक्रीटसाठी निवडतो. त्यात दुकानातून जे पोतं येतं ते बहुतेक वेळा राख मिसळलेल्या सिमेंटचं असतं, आणि त्याला साध्या सिमेंटपेक्षा जास्त दिवस तराई, म्हणजे टाकलेलं काँक्रीट पाण्यानं ओलं ठेवणं, लागते.

डिप्लोमा करून गावी आलो त्या वर्षी मी आमच्याच वावरात एक हौद बांधला. सिमेंट ताजं, सळई नवी, मिस्त्री जाणता. पाच दिवस पाणी मारलं. सहाव्या दिवशी मोटर हवा ओढायला लागली, विहिरीत उरलेलं पाणी ढोरांना ठेवायचं म्हणून तराई बंद केली. पुढच्या उन्हाळ्यात हौदाच्या बाहेरच्या अंगाला ओलीचे डाग उमटले आणि त्यांच्या कडेनं पांढऱ्या खाराच्या रेघा. मिस्त्री बघून म्हणाले, "भाऊ, आताचं सिमेंट पह्यल्यासारखं नाही राह्यलं." सिमेंट चांगलंच होतं. त्यातल्या राखेचं काम सुरू व्हायच्या आतच मी तिचं पाणी तोडलं होतं.

पुढं जे लिहितोय ते त्या हौदापासून सुरू झालेलं शिक्षण आहे. घरकुलाचा स्लॅब असो, कोठ्याची फरशी असो की ओलिताचा हौद, क्रम हाच.

काँक्रीटमध्ये पाणी कुठून शिरतं

काँक्रीट दगडासारखं दिसत असलं तरी आतून ते स्पंजाच्या जवळचं आहे. ५० किलोच्या पोत्यातल्या सिमेंटला रासायनिकरीत्या बांधून घ्यायला जेमतेम ११-१२ लिटर पाणी लागतं. पण तेवढ्यात माल कालवला जात नाही, म्हणून आपण जास्त घालतो. हे जास्तीचं पाणी जिथं जिथं असतं तिथं पुढं केसाहून बारीक नळ्या राहतात. सिमेंट पाण्याशी जसजसं मुरत जातं तसतसा एक चिकट पदार्थ वाढतो, त्या नळ्यांत भरतो आणि एक दिवस नळ्यांचा एकमेकींशी असलेला संबंध तुटतो. त्यानंतर पाण्याला आरपार जायला सरळ वाट उरत नाही. काँक्रीट पाणी धरणारं झालं ते त्या दिवशी.

तो दिवस कधी येतो हे अमेरिकेतल्या टी. सी. पॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये मांडून ठेवलं आहे. त्यांचे आकडे पाणी-सिमेंट गुणोत्तरात आहेत, मी पोत्यामागच्या लिटरांत सांगतो. पोत्याला २० लिटर पाणी असेल तर नळ्या तुटायला सुमारे ३ दिवस लागतात, साडेबावीस लिटरला ७ दिवस, २५ लिटरला १४ दिवस. ३० लिटरला ६ महिने. ३५ लिटरला एक वर्ष. त्याहून जास्त पाणी असेल तर कधीच नाही, काँक्रीट जन्मभर तळ्यात बुडवून ठेवलं तरी नाही. आणि हे सगळे दिवस काँक्रीट सतत ओलं आहे असं धरून मोजलेले आहेत, साध्या सिमेंटचे.

ही यादी माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर चिकटवलेली आहे. मिक्सरवरचा पोरगा "साहेब, माल जाम येऊन राह्यला" म्हणत आणखी अर्धी बादली ओततो तेव्हा तो पाच-सात लिटर पाणी घालत नसतो, तराईचे सहा महिने वाढवत असतो. सहा महिने स्लॅबवर पाणी कोणी ठेवत नाही, त्यामुळं त्या नळ्या उघड्याच राहतात.

दुसरी गोष्ट हवेची. काँक्रीटच्या आतली आर्द्रता साधारण ८० टक्क्यांच्या खाली गेली की मुरण्याची क्रिया जवळपास थांबते. आपल्याकडं मे महिन्यात दुपारची हवा किती कोरडी असते ते अंगणात टाकलेल्या कुरड्या तासाभरात कडकडतात त्यावरून कळतं. काँक्रीट आतून ओलं राहतं, सुकतात ते बाहेरचे तीन-चार सेंटीमीटर. नेमके तेच सळईवरचं पांघरूण. म्हणून प्रयोगशाळेत पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलेला ठोकळा पास झाला याचा अर्थ तुमच्या कॉलमची कातडी पास झाली असा होत नाही. ठोकळ्याला पूर्ण तराई मिळालेली असते, कॉलमला नाही.

राख आत जाऊन काय करते

सिमेंट पाण्याशी मुरताना दोन गोष्टी तयार होतात. एक तो चिकट पदार्थ, ज्यात सगळी ताकद. दुसरा चुना, मुरलेल्या सिमेंटमधला साधारण पाचवा ते चौथा हिस्सा. चुन्यात ताकद नाही, शिवाय तो पाण्यात विरघळतो. स्लॅबखाली गळतीच्या जागी पांढऱ्या लोंब्या लटकतात त्या ह्या चुन्याच्या. पाणी आतून वाट काढतं, जाताना चुना धुऊन नेतं आणि वाट आणखी रुंद करतं.

औष्णिक वीज केंद्राच्या धुरातून गाळून काढलेली उडती राख म्हणजे बारीक काचेचे गोळे, मुख्यतः सिलिका आणि अॅल्युमिना. पाण्याच्या सोबतीनं ती चुन्याला धरते आणि त्याचा तोच चिकट पदार्थ बनवते. दुबळा चुना कमी झाला, नळ्या भरल्या, दोन्ही कामं एकदम. आपल्या जुन्या बांधकामातली चुन्याची आणि विटांच्या भुकटीची जोडी, सुरखी, हेच करायची. वाड्यांच्या विहिरी आणि टाकी शंभर-दीडशे वर्षं पाणी धरून आहेत त्यात सुरखीचा वाटा मोठा. पूर्वी ती वीटभट्टीवरून यायची, आता कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस, मौदा, तिरोडा इथल्या चिमण्यांखालून येते. आणि कोरपना-राजुऱ्याचा चुनखडक शेजारीच. राखेचं सिमेंट परक्या मुलखातून आलेलं कमी प्रतीचं सिमेंट आहे असं मानणाऱ्यांनी नकाशा उघडून बघावा.

मात्र राखेला आधी चुना तयार होऊन मिळावा लागतो. म्हणून तिचं काम पहिल्या आठवड्यात जवळपास दिसतच नाही, दुसऱ्या आठवड्यापासून सुरू होतं आणि महिनोन् महिने चालतं. तोवर आत ओल हवी. सातव्या दिवशी पाणी तोडलं तर सिमेंटनं आपलं बरंचसं काम उरकलेलं असतं आणि राख नुकती कामावर हजर होत असते. मग पोत्यातला तेवढा हिस्सा नुसत्या बारीक भुकटीसारखा पडून राहतो. चांगली तराई झालेलं राखेचं काँक्रीट साध्या सिमेंटपेक्षा पाणी, क्षार आणि सल्फेट यांना जास्त अडवतं, तराई चुकलेलं त्याहून वाईट ठरू शकतं. तक्रार करणारे आणि कौतुक करणारे दोघंही खरं बोलत असतात. पाणी कोणी किती दिवस दिलं हे मात्र दोघंही सांगत नाहीत.

याची एक खोच आहे, ती लपवू नये. चुना पाण्यात विरघळतो म्हणून वाईट, पण सळईला गंजापासून वाचवणारा अल्कधर्मी गुण त्याच्यामुळंही टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून चुना खातो. चुना खाल्लेल्या भागाची रेघ सळईपर्यंत पोचली की गंज सुरू, आणि गंजलेलं लोखंड मूळच्या दुप्पट ते सहापट जागा मागून पांघरूण फोडतं. राखेनं चुना आधीच वापरलेला असतो, त्यामुळं कातडी सुकी आणि पोकळ राहिली तर ही रेघ राखेच्या काँक्रीटमध्ये जास्त वेगानं पुढं सरकते. उपाय दोनच. कातडी घट्ट करणं, म्हणजे तराई. आणि ती जाड ठेवणं, म्हणजे कव्हर. रेघेची खोली काळाच्या वर्गमुळाप्रमाणं वाढते; २० मिमीऐवजी १० मिमी कव्हर सुटलं तर आयुष्य निम्मं होत नाही, चौथा हिस्सा होतं. सळईखाली गिट्टीचा खडा सारून "झालं कव्हर" म्हणणाऱ्याला हे सांगून पाहा.

पोतं वाचा

पोत्यावरचं मोठं नाव सोडा, खालचा बारीक मजकूर वाचा. आयएस (भारतीय मानक) १४८९ भाग १ लिहिलं असेल तर ते राखेचं पोझोलाना सिमेंट, पीपीसी, त्यात १५ ते ३५ टक्के राख. आयएस ४५५ म्हणजे स्लॅग सिमेंट, लोखंड गाळायच्या भट्टीतली मळी २५ ते ७० टक्के. आयएस १६४१५ म्हणजे कम्पोझिट, राख आणि मळी दोन्ही. आयएस २६९ म्हणजे साधं सिमेंट, ओपीसी, त्यावर ४३ किंवा ५३ ग्रेड.

पीपीसीवर ग्रेड लिहिलेली नसते. मानकानुसार त्याची किमान ताकद ३ दिवसांत १६, ७ दिवसांत २२ आणि २८ दिवसांत ३३ मेगापास्कल. ४३ ग्रेडच्या साध्या सिमेंटची २३, ३३ आणि ४३. हे किमान आकडे आहेत, प्रत्यक्षात कारखाने बरेच वर देतात. तरी सुरुवात धिमी आहे हे आकड्यांतच दिसतं. उत्पादनाचा आठवडाही बघा. तीन महिन्यांच्या वरचं पोतं मी परत पाठवतो.

साध्या घराला आणि हौदाला मी पीपीसीच घेतो. उन्हाळ्यात ते कमी तापतं, गोल कणांमुळं थोड्या कमी पाण्यात माल सरकतो. खारपाणपट्ट्यातली जमीन किंवा शेणमुताची टाकी असेल आणि स्लॅग सिमेंट मिळत असेल तर ते. पाणी चौदा दिवस देता येणारच नाही अशी खात्री असेल तर मात्र साधं सिमेंट घ्या. ती कमीपणाची गोष्ट नाही, फक्त पाणी-सिमेंटचं प्रमाण त्यालाही लागू आहे.

आता एक कळकळीची गोष्ट. पीपीसीच्या पोत्यात वरून आणखी राख घालू नका. तिच्यात ती मोजून आधीच आहे. त्यातही वीज केंद्राच्या बंधाऱ्यातली ओली, जाडी राख तर मुळीच नाही. ती भरावाला आणि विटांना ठीक, सिमेंटची जागा घेणारी राख कोरडी आणि बारीक लागते, न जळलेला कोळसा ५ टक्क्यांच्या आत. गोंदिया-भंडाऱ्याकडून राइस मिलच्या राखेबद्दल विचारणा येते. भाताच्या तुसाची राख खरंच जबर आहे, तिच्यात ८५-९० टक्के सिलिका असते. पण ती उपयोगी पडते साधारण ७०० अंशांच्या आत, सांभाळून जाळली आणि मग बारीक दळली तर. बॉयलरमधून निघालेली काळी राख तशी नसते, तिच्यातला कोळसा पाणी पितो आणि माल जाम करतो. ती शेतात टाका. सिलिका फ्यूम नावाची आणखी बारीक भुकटी येते, कण सिमेंटच्या शंभराव्या हिस्स्याएवढे. ती पुलांना आणि उंच इमारतींना. गावच्या हौदासाठी तिच्यामागं धावू नये.

आधी पाण्याचा हिशेब

सिमेंटची ऑर्डर द्यायच्या आधी तराईचं पाणी मोजा. १००० चौरस फुटांचा स्लॅब म्हणजे ९३ चौरस मीटर. त्यावर ४ सेंटीमीटर पाणी उभं करायला ३,७०० लिटर. मे महिन्यात उघड्या पाण्यातून दिवसाला सेंटीमीटरभर तरी उडतं, म्हणजे रोज ९०० लिटरच्या वर. चौदा दिवसांचे मिळून सतरा हजार लिटर, ५,००० लिटरचे साडेतीन टँकर. एवढं जमत नसेल तर पहिला आठवडा क्यारी (बांध घालून उभं केलेलं पाणी) आणि दुसरा आठवडा ओला बारदाना व वर प्लॅस्टिक असा बेत करा. पाणी खूप वाचतं. शेतीची लाईट रात्रीची असेल तर ड्रम भरून ठेवायची सोय आधीच हवी.

पाण्याची प्रतही बघा. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी जिभेला कळतं. सळईच्या काँक्रीटसाठी क्लोराइडची मर्यादा लिटरमागं ५०० मिलिग्रॅम आहे, आणि कालवायला जे पाणी चालत नाही ते तराईलाही चालत नाही. लोक इथंच फसतात. माल गोड्या पाण्यात कालवतात आणि चौदा दिवस खारं पाणी मारतात. काँक्रीट पिऊन घेतं, पाणी उडून जातं, मीठ आत राहतं. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत एक बाटली देऊन या. खारंच निघालं तर टँकर, किंवा कमी पाणी लागणारी बंद तराई.

माल कालवताना

दीडपट रेती आणि तिप्पट गिट्टीच्या एम-२० दर्जाच्या मिश्रणाला आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, पोत्यामागं जास्तीत जास्त ३० लिटर पाणी दिलं आहे. वरची यादी आठवा. मी स्लॅबला २५ ते २७ लिटरांत आणि हौदाला साडेबावीस लिटरांत बसवतो. एवढ्यात माल सरकत नाही ही तक्रार खरी असते. तिचं उत्तर प्लास्टिसायझर, म्हणजे कमी पाण्यात माल सरकवणारं रसायन, डब्यावर लिहिलं असेल तेवढंच, शेवटच्या पाण्यात मिसळून. बादलीवर रंगानं लिटरची खूण करून मिक्सरजवळ ठेवा. रेती ओली असेल तर तिच्यातलं पाणीही धरावं लागतं: नदीवरून ताजी आलेली रेती पोत्यामागं तीन-चार लिटर सहज घेऊन येते.

वैनगंगेची, कन्हानची रेती डोळे झाकून चांगली असते असं नाही. काचेच्या बरणीत रेती आणि पाणी घालून हलवा, दोन-तीन तास ठेवा. वर बसलेला गाळ रेतीच्या थराच्या ८ टक्क्यांहून जास्त असेल तर धुवा. गाळाची रेती जास्त पाणी मागते, म्हणजे परत तेच.

व्हायब्रेटर भाड्यानं आणाच. हौदाच्या भिंतीत गजानं ठोसून काम होत नाही. पोकळ्या राहिल्या तर मी वर लिहिलेलं सगळं वाया.

दिवसाची कोणती वेळ

उन्हाळ्यात स्लॅब सकाळी सुरू करायची पद्धत मला कधीच पटली नाही. सकाळी आठला सुरू केलेलं काम दुपारी दोनला संपतं, आणि कोवळं काँक्रीट नेमकं ४५ अंशांच्या उन्हात उघडं पडतं. मी चार-साडेचारला सुरू करतो आणि हॅलोजन लावून रात्री संपवतो. मजुरांना जेवण द्यावं लागतं, कुरकुर ऐकावी लागते, चालतं. टाकतेवेळी मालाचं तापमान ४० अंशांच्या आत असावं असा उष्ण हवामानातल्या काँक्रीटचा नियम आहे. गिट्टीवर दुपारीच पाणी शिंपडून झाकून ठेवा. पाण्याची टाकी आणि पाइप उन्हात नको. काळ्या पाइपातलं पाणी आंघोळीचं असतं. सेंट्रिंगच्या प्लेटा माल टाकायच्या आधी ओल्या करा, तळं साचू देऊ नका.

पृष्ठभागावरची पाण्याची चकाकी गेली की लगेच प्लॅस्टिकचा कागद. सकाळपर्यंत थांबायचं नाही. पहिल्या चार-पाच तासांत वारा सुटला तर खालून वर येणाऱ्या पाण्यापेक्षा उडणारं पाणी जास्त होतं आणि स्लॅब तडकतो, सळईच्या रेघेवर किंवा नकाशासारखा. अशी भेग ओल्या मालात दिसली तर थापीनं दाबून बंद करा. दुसऱ्या दिवशी वरून सिमेंटचं पाणी ओतून ती बुजत नाही, झाकली जाते. आणि ओल्या पृष्ठभागावर कोरडं सिमेंट भुरभुरून घोटण्याची सवय सोडा. वरची पापडी निघते.

चौदा दिवस

आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, राख किंवा मळीच्या सिमेंटला किमान १०, कोरड्या तापलेल्या हवेतही किमान १०, आणि मिश्र सिमेंटसाठी १४ दिवसांची शिफारस. आपल्याकडं सिमेंटही मिश्र आणि हवाही तापलेली, म्हणून १४ हाच आकडा धरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पृष्ठभागावर अंगठ्याचा ठसा उमटत नाही अशी खात्री झाल्यावर क्यारी बांधा. काळ्या मातीची नको. ती सुकली की तडकते हे शेतकऱ्याला मी काय सांगावं, पण स्लॅबवर चढलं की आपण विसरतो. कमी सिमेंटच्या मसाल्याचे चार बोटं उंच बांध घालून लहान लहान क्याऱ्या करा, म्हणजे उतारावर एका बाजूला पाणी जात नाही. दुपारी तापलेल्या स्लॅबवर एकदम थंडगार पाणी ओतू नये, सकाळी-संध्याकाळी भरावं. क्यारी कोरडी पडू द्यायची नाही एवढं एकच काम. ओलं-सुकं-ओलं असा खेळ केला तर बारीक भेगा वाढतात.

कॉलमची कथा वेगळी. उभ्या पृष्ठभागावर पाणी थांबत नाही, आणि गावातली सगळ्यात वाईट तराई कॉलमांची होते. नुसता बारदाना गुंडाळून दिवसातून दोनदा पाइप मारणं म्हणजे कूलरला वाळ्याची ताटी लावण्यासारखं आहे: वारा लागतो, पाणी उडतं, आजूबाजूला छान थंडावा पसरतो आणि तासाभरात ताटी कोरडी. बारदाना ओला करून कॉलमला घट्ट लपेटा, त्यावरून प्लॅस्टिक गुंडाळून सुतळीनं बांधा, वरच्या टोकाला एक कोपरा उघडा ठेवून तिथून सकाळ-संध्याकाळ पाणी सोडा. डोक्यावर भोक पाडलेलं प्लॅस्टिकचं डबडं टांगलं तर ठिबकसारखं काम करतं. संत्र्याच्या बागेतली जुनी ठिबकची नळी मी यासाठीच जपून ठेवली आहे.

गुंडाळायच्या पोत्यांबद्दल एक सूचना. खताची रिकामी पोती न धुता वापरू नका. पोटॅशच्या पोत्यात क्लोराइड असतं, म्हणजे सळईला गंज लावायची सोय आपल्या हातानं. अमोनियाची खतं काँक्रीटच खातात. गुळाचा बारदानाही नको, साखर ओल्या सिमेंटला गोठू देत नाही. तुरीचा, गव्हाचा बारदाना उत्तम. पूर्वेकडं धानाची तणीस पसरून ओली ठेवतात तेही चांगलं. सोयाबीनचं कुटार असेल तर वर ताडपत्री हवी, नाहीतर वाऱ्यानं शेजाऱ्याच्या अंगणात.

पाणी नाहीच अशा जागी पांढऱ्या रंगाचं तराईचं रसायन फवारता येतं. चकाकी जाताच, सगळीकडं सारख्या थरात. पुढं गिलावा धरायचा असेल तिथं मात्र ते घासून काढावं लागतं, म्हणून भिंतींना मी टाळतो.

सेंट्रिंग उतरवायची घाई

साध्या सिमेंटसाठी नियम असा: साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबच्या टेकूंना ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४, बीमच्या टेकूंना ६ मीटरपर्यंत १४ आणि पुढं २१. राखेच्या सिमेंटला हे वाढवायचे असतात. मी लहान स्लॅबलाही १४ दिवस टेकू ठेवतो. सेंट्रिंगवाला रोज फोन करतो, त्याला दुसरीकडं द्यायची असते. त्याच्याशी भाडं ठरवतानाच दिवस ठरवून घ्या.

चौदाव्या दिवशीही पाणी एकदम तोडू नका. क्यारी सुकू द्या, बारदाना दोन-तीन दिवस तसाच राहू द्या, कातडी हळूहळू सुकेल.

हौद असेल तर

हौदाला एम-३० दर्जाचं काँक्रीट, पोत्याला साडेबावीस लिटर, आणि शक्यतो तळ व भिंतीचा पहिला हात एका दमात. जोड घ्यावाच लागला तर तो तळाच्या वर वीतभर, खरडून, धुऊन, जोडपट्टी लावून. भिंतीची फळी उतरली की दोन्ही अंगांनी लपेट. दहाव्या दिवसानंतर आत थोडं थोडं पाणी भरायला लागा, रोज फूटभर. आतली तराई फुकटात होते. शेणखताच्या किंवा गोबरगॅसच्या टाकीत वरच्या, गॅस साठणाऱ्या भागाला आम्लाचा मार बसतो, तिथं कव्हर वाढवा आणि लेप द्या; नुसत्या राखेवर भिस्त ठेवू नका.

झालं ते नीट झालं का

खिळ्यानं ओरखडा ओढा. पांढरी भुकटी निघाली तर कातडी उपाशी राहिली. सुक्या पृष्ठभागावर पाण्याचे थेंब टाका. चांगल्या तराईच्या जागी ते टिकतात, वाईट जागी लगेच गडप होतात. त्याच स्लॅबवर क्यारीतली जागा आणि कडेची, पाणी न मिळालेली जागा यांची तुलना केली तर फरक हातानं कळतो. जुनं घर विकत घेत असाल तर कॉलमचा लहान टवका काढून ताज्या तुटलेल्या जागी फिनॉल्फथॅलिन टाका, शाळेच्या प्रयोगशाळेत असतं. गुलाबी झालं तो भाग अजून अल्कधर्मी. रंगच येत नाही तो भाग सळईपर्यंत पोचला असेल तर किंमत त्या हिशेबानं बोला.

हौदाची परीक्षा सोपी, पण धीराची. काठोकाठ भरा आणि सात दिवस तसाच ठेवा, कोरडं काँक्रीट तेवढ्यात आपलं पाणी पिऊन घेईल. मग परत भरून आतल्या भिंतीवर खूण करा. शेजारी, त्याच उन्हावाऱ्यात, एक पाण्यानं भरलेला ड्रम ठेवा आणि त्यावरही खूण करा. पुढचे सात दिवस रोज सकाळी दोन्हीकडची घट मोजपट्टीनं लिहून ठेवा. हौद ड्रमइतकाच उतरत असेल तर ते पाणी उन्हानं नेलं. जास्त उतरत असेल तर बाहेरून फिरून ओलीची जागा शोधा, तिच्याभोवती खडूनं वर्तुळ काढा, तारीख टाका. पहिल्या एक-दोन आठवड्यांत बारीक पाझर आतल्या चुन्यानं आपोआप बंद होताना मी पाहिला आहे, म्हणून लगेच लेपाचे डबे आणायला पळू नका. पण वर्तुळ मोठं होत असेल तर हौद रिकामा करून आतून दुरुस्ती, आणि ती होईपर्यंत बाहेरून मातीचा भराव अजिबात टाकायचा नाही.